तायडे सिस्टरांची कातडी

"कुठं कुठं जळलंय ते नको सांगू, ते मला दिसतंय. कुठं जळलं नाही ते सांग."

तायडे सिस्टरांचं माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं वाक्य. फिजिओथेरपीची पदवी घेऊन मी पूर्व उपनगरातल्या एका हॉस्पिटलच्या बर्न्स वॉर्डात नुकताच लागलो होतो. अंगात इस्त्रीचा कोट होता. समोरच्या पलंगावर साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये थिनरचा डबा पेटल्यामुळे भाजलेला तरुण होता. मी पुस्तकी भाषेत छाती, पाठ, दोन्ही हात असं म्हणायला लागलो, तर सिस्टरांनी मला मध्येच तोडलं. मग त्या स्वतः वाकल्या, त्याला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं, आणि डाव्या कानामागे बोटभर चांगली जागा सापडली तिथे हातमोजा घातलेलं बोट टेकवून उभ्या राहिल्या. त्याला म्हणाल्या, "हे इथं सगळं नीट आहे बरं का." ड्रेसिंगला हात लावायच्या आधी त्या प्रत्येक पेशंटची अशी एक जागा शोधत. कुणाचा तळपाय, कुणाच्या भुवईच्या वरची पट्टी, कुणाची नुसती करंगळी. हातमोजा मध्ये असला तरी माणसाला हात कळतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

तो तरुण माझ्याशी छान गप्पा मारत होता. चहा कधी मिळेल विचारत होता, मालकाची नक्कल करत होता. पलीकडच्या पलंगावर मात्र एक म्हातारा आचारी होता, कढईतलं तेल मांडीवर सांडलेला, आणि तो आईबाप काढून बोंबलत होता. साहजिकच मला काळजी आचाऱ्याची वाटली. सिस्टरांनी मला औषधांच्या कपाटाआड नेलं.

"म्हातारा जाईल घरी. ओरडतोय ना, म्हणजे नसा शाबूत आहेत, खालची कातडी जिवंत आहे. हा पोरगा मस्करी करतोय. त्याचं दुखणंच जळून गेलंय रे. काय बोलतो ते ऐकून घे नीट. घरचे विचारतील नंतर."

त्याच आठवड्यात तो गेला. त्याची आई आली तेव्हा मी तिला चहाचं सांगितलं, मालकाच्या नकलेचंही सांगितलं, आणि ती रडता रडता क्षणभर हसली. आचारी महिन्याभराने आम्हा सगळ्यांना शिव्या घालत रिक्षात बसला. मी कॉलेजात चार वर्षं घालवून जे शिकलो नव्हतो, ते मला कपाटाआड एका मिनिटात कळलं होतं, आणि ते कळल्याचा मला मुळीच आनंद झाला नाही.

सिस्टरांचं नाव द्वारका. माहेर खामगावजवळच्या एका खेड्यातलं. नर्सिंगला म्हणून मुंबईत आल्या आणि इथल्याच झाल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, केसांचा अंबाडा इतका घट्ट की भुवया वर ताणल्यासारख्या दिसत. बोलणं अगदी मुंबईचं, तुटक आणि ठोक. पण राग आला किंवा जीव कळवळला की वऱ्हाडी उसळून यायची. मग "काहून रे पोट्ट्या, हात धुतले का?" असा आवाज वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत जाई, आणि तिशी उलटलेले डॉक्टरसुद्धा बेसिनकडे वळत.

मला त्या जल्लाद म्हणत. नाव चुकीचं नव्हतं. भाजलेली जागा भरून येते ती आखडत भरते. हनुवटी छातीला चिकटते, कोपर उघडत नाही, बोटं मुठीतच राहतात. ते होऊ नये म्हणून रोज ती नवी, लालभडक कातडी ताणायची, हे माझं काम. म्हणजे आदल्या दिवशी सिस्टरांनी मायेने जे बांधायचं ते दुसऱ्या दिवशी मी खेचायचं. वॉर्डात माझ्या पावलांचा आवाज आला की लोक झोपेचं सोंग घ्यायचे. सिस्टर माझ्याबरोबर येऊन पेशंटचा हात धरत आणि सांगत, "घाल त्याला शिव्या. मोठ्यानं घाल. छाती भरून श्वास येतो." माझ्या खानदानाचा इतका सांगोपांग उद्धार दुसऱ्या कुठल्याही नोकरीत झाला नसता.

नव्या नर्स आल्या की त्यांचा पहिला धडा सिस्टर स्वतः घेत. डॉक्टर 'त्वचा' म्हणत, सिस्टरांना तो शब्द आवडत नसे. "त्वचा क्रीमच्या जाहिरातीत असते. वॉर्डात असते ती कातडी." मग त्या आपल्या दंडाची कातडी चिमटीत धरून दाखवत. पोळीला पापुद्रे असतात तसे हिला थर आहेत. सगळ्यात वरचा पापुद्रा मेलेला. आपण एकमेकांना दिसतो तो मेलेलाच भाग दिसतो, म्हणून रंगावरून कुणी नाक मुरडू नये. त्याच्या खाली रोज नवी कातडी जन्माला येते आणि वर सरकत राहते. त्याच्या खाली खरा संसार: घामाच्या पिशव्या, केसांची मुळं, रक्ताच्या बारीक नळ्या, नसांची टोकं. आणि तळाला चरबीची गादी.

"केस हळूच ओढून बघायचा. दुखला, तर मूळ जिवंत. मूळ जिवंत असलं की त्याच्या भोवतीनं कातडी परत उगवते. केस लोण्यातून निघाल्यासारखा हातात आला आणि पेशंट गप्प राहिला, तर तुम्हीही गप्प राहायचं आणि डॉक्टरला बोलवायचं."

पुढचा भाग त्या पेशंटच्या पलंगाशी नेऊन दाखवत. मे महिन्याच्या मुलुंडच्या उकाड्यात, पंखे बंद असताना, माणूस दोन ब्लँकेटांखाली कुडकुडत असायचा. कारण ऊब राखणारी कातडीच नाही. चादर ओलीचिंब, आणि माणूस तहानेने व्याकूळ. कारण अंगातलं पाणी अंगात ठेवणारी कातडीच नाही. आणि एवढं सगळं निभावून जे जगतात त्यांना एक दिवस ताप चढतो, कारण जंतूंना अडवणारं दारच राहिलेलं नसतं. त्या नव्या नर्स पोरी घरी जाऊन जेवत नसत, असं त्यांच्या आया सांगायच्या.

आमच्या हॉस्पिटलात त्वचापेढी होती, आणि सिस्टरांचा अर्धा जीव तिच्यात होता. मेलेल्या माणसाच्या मांड्यांवरून आणि पाठीवरून वरचा पातळ पापुद्रा काढायचा, तो ग्लिसरीनमध्ये घालून थंडीत ठेवायचा आणि ज्याच्या अंगावर स्वतःची कातडी उरलेली नाही त्याच्यावर लावायचा. ती कायमची टिकत नाही, काही आठवड्यांत गळून जाते. पण तेवढ्यात खालचं अंग सावरतं, पाणी थांबतं, दुखणं कमी होतं. रक्तगट जुळवावा लागत नाही, बाईची पुरुषाला चालते, म्हाताऱ्याची पोराला चालते. अट एवढीच की मरणानंतर सहा तासांच्या आत काढायची आणि घरच्यांनी हो म्हणायला हवं. आणि मेलेल्याच्या रक्तात जंतू पसरलेले नसावेत.

हो म्हणवण्यात सिस्टरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. घाटकोपरला एका घरी मी पेढीच्या माणसांबरोबर गेलो होतो. आजोबा गेले होते, मुलंसुना तयार होत्या, आजी तयार नव्हत्या. सिस्टर त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि कातडीचा विषयच काढला नाही. आजोबा काय खायचे, कुणावर रागवायचे, हेच विचारत राहिल्या. बाहेर आमची माणसं घड्याळ बघत होती. बऱ्याच वेळाने आजींनीच विचारलं की त्यांना दुखेल का हो. सिस्टर म्हणाल्या, "नाही आई. सोलत नाही आम्ही, पापुद्रा काढतो. रक्त येत नाही. पट्ट्या बांधून, धोतर नेसवून तुमच्या हातात देईन. मीच देईन." आजींनी मान हलवली. सिस्टरांनी शब्द पाळला, आणि नंतर सुतकाच्या बाराव्या दिवशी त्या घरी जाऊनही आल्या.

उलटही मी पाहिलं. मुलुंडला एक घर स्वतःहून बोलावत होतं. आम्ही पोचलो, सिस्टरांनी आजारपणाचे कागद चाळले, आणि त्यांच्या लक्षात आलं की शेवटी रक्तात जंतू पसरले होते. त्यांनी हात जोडले आणि घेता येणार नाही म्हणून सांगितलं. त्या घरातल्या मुलीचा चेहरा असा झाला की जणू तिच्या बापाला आम्ही नापास केलं. परत येताना सिस्टर म्हणाल्या की देणाऱ्याचं मन मोडलेलं परवडलं; वॉर्डातलं पोर मारण्यापेक्षा ते बरं. आणि कातडीच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही, कुणाशीच नाही.

स्वतःच्या कातडीची मात्र त्यांना भारी हौस. ड्यूटी संपली की आंघोळ, आणि आंघोळीनंतर सगळ्या अंगाला खोबरेल तेल. उन्हात छत्री. डास चावला तर खाजवायचं नाही. साठीला टेकलेल्या बाईचे दंड तुकतुकीत दिसायचे, आणि आम्ही त्यांना विचारायचो की सिस्टर, कुठल्या सिनेमात काम मिळालंय. त्या शांतपणे सांगत, "द्यायची वस्तू आहे. फाटकी कशी देऊ?"

एकदा कँटीनमध्ये मी उगाच विचारलं की एवढं कशाला, डोळे द्या, देह द्या, कातडीचाच हट्ट का. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"माझ्या आजीची सावली पडली तर गावात लोक पाणी शिंपडायचे. विहिरीवर तिला वरून ओतून द्यायचे, ओंजळीत. तिच्या हाताला कोणाचा हात लागू द्यायचे नाही." मग म्हणाल्या, "आता माझी कातडी कोणाच्या तरी उघड्या अंगावर लावतील. कोणाची आहे ते त्याला सांगणारसुद्धा नाहीत. तो विचारणार नाही. मले तेवढं पाहिजे."

माझं आडनाव काय आहे आणि आमच्या घरी कामवालीचा कप कुठे ठेवतात, हे त्या क्षणी मला फार स्पष्ट आठवलं. त्यानंतर मी त्यांच्या तेलाची थट्टा केली नाही.

आणि नेमका त्यांच्या स्वतःच्या घरातूनच हो मिळत नव्हता. मुलगा संघपाल, अंधेरीला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा, शांत, आईवर जीव असलेला. नवरा वारल्यापासून नाहूरच्या दोन खोल्यांत हे दोघंच. सिस्टरांनी त्वचादानाचं इच्छापत्र केव्हाच भरलं होतं. पण माणूस गेल्यावर त्याची इच्छा कागदावर राहते, होकार वारसाचा लागतो. संघपाल नाही म्हणत होता. दरवर्षी विषय निघे, दरवर्षी त्या घरात दोन दिवस अबोला होई. शेवटी सिस्टर मला वकील म्हणून घेऊन गेल्या. मी आजवर ऐकलेली सगळी वाक्यं त्याला ऐकवली: पापुद्रा, रक्त येत नाही, पट्ट्या बांधतात. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

"दादा, माझे बाबा कारखान्यात पडून गेले. पोस्टमॉर्टेम झालं. मी नववीत होतो. घरी आणल्यावर आंघोळ घालायला चादर काढली, तर गोणी शिवतात तसं शिवलं होतं त्यांना, गळ्यापासून खाली. मी पाणी ओतलं त्यांच्यावर." तो आईकडे न बघता बोलत होता. "ही मला अख्खी पाहिजे. एवढंच मागतोय मी. दुनियाभर वाटली आयुष्यभर, मरताना तरी माझी अख्खी राहू दे ना."

सिस्टर उठून आत गेल्या आणि कणीक मळू लागल्या. जिन्यापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या की याच्यापुढे माझं काही चालत नाही रे, कारण हा चुकीचं कुठं बोलतोय. त्या एवढ्या हरलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

सिस्टरांना मधुमेह होता. गोळ्या घेत, गोड खात नसत, पण दिवसभर उभं राहणं काही सुटलं नाही. नंतरच्या एका पावसाळ्यात मला त्यांची चाल बदललेली दिसली. चाल बघणं हा माझा धंदाच आहे. त्या उजव्या पायाचा चवडा टेकवत नव्हत्या. मी विचारलं, तर नवे बूट चावतात म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर तुझ्या पेशंटांना चालव, मला नको चालवू म्हणाल्या. मी ऐकलं नाही. त्यांना ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं आणि बूट, मोजे काढायला लावले. त्या चिडल्या होत्या, पण मोजा निघाला तशी चीड मावळली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडली होती. खाली फोड फुटून गेलेला होता आणि त्याच्या कडेने लाली घोट्यापर्यंत चढली होती. खोलीत तो वास पसरला, जो आम्हा दोघांच्याही ओळखीचा होता.

ठसठसतात म्हणून त्या रोज संध्याकाळी मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायच्या. घराघरात बायका करतात तेच. मधुमेहाने पायाच्या नसा केव्हाच बधिर झाल्या होत्या, घोट्याच्या वर दुखायचं तेवढंच कळायचं. पाणी किती गरम आहे हे हाताने बघायचं त्या एका दिवशी विसरल्या, आणि पायाने काही सांगितलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे केस ओढून नसा तपासणारी बाई. फोड आला तेव्हा त्यांनी स्वतःच ड्रेसिंग केलं, स्वतःच पट्टी बांधली आणि ड्यूटीवर आल्या. दुखत नव्हतं ना.

त्यांनी माझ्यासमोरच बोटाने अंगठा दाबला. मग पाऊल दाबलं. मग घोटा. कुठे कळायला लागतंय ते बघत त्या वर वर येत होत्या, आणि त्यांचा चेहरा अगदी नव्या पेशंटला बघताना असायचा तसा होता.

"डॉक्टरला बोलव," त्या म्हणाल्या.

पाय गुडघ्याखालून काढायचं ठरलं तेव्हा त्यांनी एका शब्दाची खळखळ केली नाही. पण उशीर झाला होता. पाय गेला, ताप राहिला. जंतू रक्तात उतरले होते आणि औषधांना दाद देत नव्हते. आपल्याच हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात त्या पडून होत्या आणि येणाऱ्या प्रत्येक नर्सचे हात धुतलेत की नाही ते डोळ्यांनी तपासत होत्या. मी रोज जात असे, छातीचा व्यायाम करून घ्यायला. जल्लाद आला म्हणायच्या. मग तेवढंही बोलायचं त्राण राहिलं नाही.

संघपाल तिथून हलत नव्हता. अंघोळीला घरी जाई तेवढंच. बर्न्स वॉर्डातून बरी होऊन गेलेली माणसं बाहेरच्या बाकावर येऊन बसत. कुणाची मान एका बाजूला ओढलेली, कुणाच्या हाताला बोटं नाहीत, कुणाचा चेहरा नव्याने घडवलेला. त्यांच्याशी तो काय बोलला मला ठाऊक नाही. एका दुपारी मी आत असताना तो आला, हात धुतले, आईच्या कानाशी वाकला.

"आई, मी हो म्हणतोय. तुझ्या त्या दानाला. मी सही देईन. तू सांगशील तसं होईल."

सिस्टरांनी डोळे उघडले. कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा हात सुजलेला होता, सलाइन लावलेला होता, तो त्यांनी उचलून त्याच्या गालाला लावला.

"मले माहीत होतं, तू म्हणशीन," त्या म्हणाल्या. शब्द जेमतेम फुटत होते. "शहाणा रे माझा राजा."

तो रडत बाहेर गेला. मी तिथेच उभा होतो. माझ्या हातात त्यांच्याच रक्ताचा रिपोर्ट होता. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्यांना रिपोर्टची गरज नाही. रक्तात जंतू पसरलेल्या माणसाची कातडी घेत नाहीत, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"आत्ता नको सांगू त्याला," त्या म्हणाल्या. "आत्ता देऊ दे. मी गेल्यावर सांग. खरं सांग."

मी बरं म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. माझ्याशी बोललेलं ते शेवटचं. त्याच संध्याकाळी श्वासाच्या नळीवर घ्यावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, वॉर्डात पाळी बदलते त्या वेळेला, त्या गेल्या.

संघपालने आधी अश्रू पुसले आणि मग मला विचारलं की पेढीची माणसं कधी येतील, सहा तास आहेत ना. सगळं त्याने मनाशी पक्कं करून ठेवलं होतं. खामगावहून येणाऱ्या मावशीलाही फोनवर समजावून झालं होतं, पापुद्रा, रक्त येत नाही, पट्ट्या बांधतात. माझीच वाक्यं. मी त्याला बाजूच्या खोलीत नेलं आणि सांगितलं. गोल गोल न फिरता सांगितलं, कारण मला तसंच बजावलं होतं.

त्याने विचारलं, "मी आधी हो म्हटलं असतं तर?"

मी म्हटलं, तरी नाही. होकार आधी दिला असता तरी जंतू पसरलेच असते. हे खरं होतं, आणि ते खरं असल्याबद्दल मी कोणाचे आभार मानू ते मला कळेना.

"तिला माहीत होतं? मी सांगितलं तेव्हा?"

"हो."

"मग एवढी खूश का झाली?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. सिस्टरांना कातडी द्यायची होती ती कोण्या परक्याने न विचारता घ्यावी म्हणून. आणि जो मुलगा देत नव्हता त्याने ती शेवटी दिली. त्यांच्यापुरतं देणं पुरं झालं होतं असं मला वाटतं. पण हे माझं वाटणं, आणि ते त्या वेळी त्याच्या कामाचं नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो राहू दिला.

नाहूरच्या घरी त्यांना आणलं. भिक्खू आले, त्रिशरण झालं, मेणबत्त्या लावल्या. आंघोळ घालायला बायकांनी मधल्या दाराला साडीचा आडोसा केला. मी आणि संघपाल बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलो होतो. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता, आणि मावशीचा रडता रडता बोलण्याचा. कशी राखली होती वो बाईनं, ती म्हणत होती, पाय तेवढा खाल्ला मेल्या रोगानं, पण पाठ पाहा वो, मांड्या पाहा, पोरीसारखं अंग, एक डाग नाही. बायका हो हो म्हणत होत्या. कुणीतरी पुन्हा पाणी ओतलं. ज्याला आई अख्खी हवी होती त्याला ती, एका पायाची का होईना, पण पाठीमांड्यांनिशी अख्खी मिळाली होती, आणि तो दोन्ही हातांनी कान दाबून बसला होता.

मग त्याने हात काढले.

"दादा, किती जणांना पुरली असती?"

खोटं बोलायची मला परवानगी नव्हती. मी म्हटलं, "एकाला. लहान पोरं असती, तर दोघांना."

त्याने मान हलवली, डोळे पुसले आणि उठून उभा राहिला. आतून मावशीने हाक मारली की आता या. आम्ही आत गेलो, सिस्टरांना उचललं, आणि जाळायला घेऊन गेलो.